कमी बजेटचा भयपट कुठे जमतो आणि कुठे फसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत स्वतःच्या खिशातून भयपट करणारे आणि असे भयपट आवडीने बघणारे, दोघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'कमी बजेट' म्हणजे नक्की किती रुपये?

ठरावीक आकडा नाही. मित्राच्या विरारच्या फ्लॅटमध्ये चार रात्रींत उरकलेला लघुपट हजारांत होतो. भाड्याचा कॅमेरा, गाड्या, जेवणखाण धरून वीस दिवसांत केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट लाखांत जातो. दोघांनाही हेच नाव लागतं. त्यातल्या त्यात कामाची कसोटी अशी: एखादा दिवस वाया गेला तर तो पुन्हा घेण्याइतके पैसे शिल्लक आहेत का? नसतील तर बजेट कमी.

जाहिरातीतले आकडे मात्र जपून घ्या. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात साधारण १५,००० डॉलरमध्ये चित्रित झाला, म्हणजे तेव्हाच्या दराने सहा-सात लाख रुपये. पण २००९ मध्ये तो सगळीकडे लागण्याआधी स्टुडिओने शेवट बदलला होता आणि प्रसिद्धीवर केलेला खर्च वेगळाच होता. असे आकडे बहुतेक वेळा कॅमेरा बंद होईपर्यंतचेच असतात.

२. प्रेमकथेपेक्षा भयपट कमी पैशांत का निभावतो?

एक तर अनोळखी चेहरा इथे फायद्याचा ठरतो. मोठा नट असला की तो मध्यंतराआधी मरणार नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. अनोळखी नट कधीही जाऊ शकतो. दुसरं, एक बंद जागा आणि तीन-चार माणसं ही प्रेमकथेत काटकसर वाटते, भयपटात ती कथेचीच गरज असते. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: जे दाखवलं नाही त्याचं भाडं लागत नाही.

मुंबईला हे नवीन नाही. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' केला तेव्हा दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी ही कामं घरातल्या घरात वाटून घेतली होती. पगार वाचला हा एक भाग झाला. पण रोज तीच माणसं असल्यामुळे कामाचा वेग वाढतो, आणि कमी बजेटमध्ये हा वेगच पैसा असतो.

३. परीक्षण लिहिताना बजेटची सूट द्यावी का?

पैशाच्या दोषाला द्यावी, विचाराच्या दोषाला अजिबात नाही. भिंतीवर दोन सावल्या पडल्या, रस्त्यावरच्या दृश्यात माणसं विरळ दिसली, एकच साडी तीन दिवस दिसली: हे पैशाचे दोष. घरात भूत आहे हे कळल्यावरही कुटुंब दादरच्या मावशीकडे का जात नाही, याचं उत्तर चित्रपटात नसणं हा विचाराचा दोष. कागदावर एक ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. ('घर विकून टाकलंय, ताबा महिनाअखेरीला द्यायचाय, हातात दुसरी जागा नाही.' मुंबईकराला एवढं कारण पुरतं.)

आपल्याकडच्या परीक्षणांत अनेकदा याच्या उलट होतं. सावल्यांना नावं ठेवली जातात आणि कथेतल्या भोकांना 'छोट्या टीमचा प्रामाणिक प्रयत्न' म्हणून सोडून दिलं जातं.

४. अशा चित्रपटांची सगळ्यात मोठी दुबळी बाजू कोणती?

आवाज. त्याच्या खालोखाल शेवटची वीस मिनिटं (प्र. ९). चित्र थोडं खराब असलं तर प्रेक्षक दहा मिनिटांत सरावतो. खराब आवाजाला तो कधीच सरावत नाही.

भयपटात याचा फटका दुप्पट बसतो. शांतता हे इथलं मुख्य हत्यार आहे. संवादांमागे फ्रिजची घरघर आणि पंख्याचा वारा कायम असेल, तर 'सगळं शांत झालं' हा क्षण येतच नाही. मग दचकवण्यासाठी आवाज फक्त मोठा करावा लागतो, आणि प्रेक्षक घाबरण्याऐवजी वैतागतो.

५. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये स्वच्छ आवाज रेकॉर्ड कसा करायचा?

आधी वेळ निवडा. लोकल साधारण रात्री एक ते पहाटे चार बंद असतात. रुळांजवळच्या घरात संवादाची दृश्यं तेवढ्यातच बसवा. उन्हाळ्यात पहाट होण्याआधीच कोकिळा सुरू होते आणि ती नंतर काढता येत नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप किती वाजता लागतो ते वॉचमनला आधीच विचारून ठेवा.

घरात फ्रिज, पंखे, एसी, इन्व्हर्टर बंद करा. फ्रिज परत लावायला हमखास विसरतात, म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची. किल्लीशिवाय कोणी घरी जात नाही.

लांब शॉटगन माइक दहा बाय बाराच्या खोलीत नीट चालत नाही, कारण भिंतींवरून परतलेला आवाजही तो उचलतो आणि संवाद डब्यातून आल्यासारखे वाटतात. छोटा हायपरकार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा) घ्या आणि तो नटाच्या डोक्यापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या जेमतेम वर धरा. फ्रेमबाहेरच्या भिंतींवर गोधड्या टांगा, फरशीवर सतरंजी घाला. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. संवादाची टोकं -१२ डेसिबलच्या आसपास असू द्या (० ही वरची मर्यादा), म्हणजे किंकाळीला वर जागा उरते. कपड्यांत लपवायचा माइक लावणार असाल तर पात्राला सुती कपडे द्या. सिंथेटिक साडीची सळसळ काढता काढता संकलक रडकुंडीला येतो.

प्रत्येक खोलीत सगळ्यांना स्तब्ध उभं करून ६० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. हा रूम टोन नसेल तर दोन संवादांमधल्या जोडावर आवाज तुटतो, आणि शांत दृश्यात ते तुटणं लगेच कानाला लागतं.

६. नंतर डबिंग करून घेतलं तर?

संवादाचं निभेल, श्वासाचं नाही. घाबरलेल्या माणसाचा श्वास अडखळतो, थुंकी गिळल्याचा आवाज येतो, वाक्य अर्ध्यावर हवेत विरतं. एसी स्टुडिओत उभं राहून हे परत आणणं मुरलेल्या नटालाही जड जातं. डबिंग करायचंच असेल तर नटाला माइकसमोर आधी जागच्या जागी वीस उड्या मारायला लावा आणि जागेवर घेतलेला रूम टोन खाली घाला (प्र. ५).

७. रात्रीच्या दृश्यात सगळं काळं किंवा दाणेदार दिसतं. कॅमेरा महाग घ्यावा का?

कॅमेऱ्याआधी प्रकाश बघा. अंधार दाखवायचा म्हणजे कमी उजेडात शूट करायचं, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. डोळ्याला अंधार कळतो तो तुलनेने. फ्रेममध्ये कुठेतरी एक उजळ ठिकाण हवं: देवघरातली समई, समोरच्या इमारतीची खिडकी, दाराखालची पट्टी. ते असलं की बाकीचं काळं काळंच वाटतं. ते नसलं तर राखाडी चिखल दिसतो.

शूट करताना सावल्यांत थोडा तपशील राहील इतका उजेड ठेवा आणि काळेपणा नंतर ग्रेडिंगमध्ये (संकलनानंतर रंग-उजेड जुळवताना) वाढवा. उलटं करायला गेलात, म्हणजे काळं चित्र नंतर उजळलंत, तर दाणे वर येतात. ते यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये चौकोनी ठोकळे होऊन दिसतात. ४के करून चढवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवा, कॅमेऱ्यात शटर अंशांत मोजत असतील तर १७२.८ अंश. नाहीतर पॅसेजमधली ट्यूबलाइट लुकलुकताना किंवा पट्टे मारताना दिसेल. भुताने दिवा लुकलुकवायचा असेल तर तो डिमरवर घ्या, शटरच्या चुकीवर सोडू नका.

फ्लॅटची आणखी एक अडचण म्हणजे पांढऱ्या भिंती. एक दिवा लावला की खोलीभर उजेड उड्या मारतो. फ्रेमबाहेरच्या दोन भिंती काळ्या कापडाने झाका. दिवा शक्यतो खिडकीबाहेरून किंवा पॅसेजमधून आत सोडा, उजेड मऊ करायला पुढे बटर पेपर. धुकट हवा हवी असेल तर भाड्याचं हेझ मशीन बरं. ऊद-धूप स्वस्त पडतो, पण धूर एकसारखा राहत नाही, प्रत्येक शॉटला कमीजास्त दिसतो, नट खोकतात, आणि टॉवरमध्ये स्मोक अलार्म वाजला तर तो दिवस संपला.

८. भूत दाखवायचं की नाही?

दाखवा, पण पूर्ण आणि स्थिर कधीच नाही. पाठ, हात, आरशातली कड, दाराच्या काचेमागचा आकार. एक शॉट दीड सेकंदाचा असेल तर पुरणारा मेकअप चार सेकंदांत उघडा पडतो.

संगणकावरचं स्वस्त भूत हा या चित्रपटांचा सर्वांत लवकर शिळा होणारा भाग आहे. त्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर खरी असलेली साधी वस्तू जास्त टिकते. 'हॅलोविन'मधल्या (१९७८) खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला एका टीव्ही पात्राचा चेहरा होता. त्याला पांढरा रंग फवारला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली, इतकंच. तो भीतिदायक होतो कारण त्यावर कुठलाच भाव नाही.

पांढरी साडी आणि मोकळे केस यांना मात्र आता कोणी घाबरत नाही. मराठीत वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, जखीण असा भरगच्च गोतावळा आहे, आणि प्रत्येकाची जागा, सवय, मागणं वेगळं आहे. यातलं एक नीट धरलं तर पोशाखाआधी वागणूक सुचते. मुंजा मुंज झाल्यावर, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, राहतो पिंपळावर. त्याला रात्रभर किंचाळायची काय गरज?

९. सुरुवात छान असते आणि शेवट ढेपाळतो. असं का होतं?

तीन कारणं एकत्र येतात. पहिलं शूटिंगचं: शेवट शेवटच्या दिवसांत घेतला जातो, तेव्हा पैसे आणि माणसं दोन्ही संपत आलेली असतात. यावर उपाय एकच, शेवटचं दृश्य वेळापत्रकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात टाका.

दुसरं कथेचं. कोणीतरी मांत्रिक किंवा गावातला म्हातारा येऊन दहा मिनिटं सगळा पूर्वेतिहास सांगतो, मग फ्लॅशबॅक, त्यात अन्याय झालेली बाई. जे समजलं ते भीतीदायक राहत नाही. भूत काय करू शकतं आणि काय नाही (उंबरा ओलांडत नाही, दिवा असेल तर येत नाही) हे पहिल्या वीस मिनिटांत कृतीतून दाखवून टाका. मग शेवटी समजावून सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

तिसरं लांबीचं. चाळीस मिनिटांची कल्पना एकशे दहा मिनिटं ताणलेली असते. ७५ ते ८५ मिनिटांचा भयपट कुणाला अपुरा वाटत नाही.

१०. कोकणातला वाडा परवडत नाही. मुंबईत कुठे शूट करावं?

वाडा नाही हे नुकसान समजू नका. वाडा, कुलाब्याची मुकेश मिल, मढचे बंगले प्रेक्षकाने इतके पाहिलेत की जागा दिसताच तो पुढचं ओळखतो. फ्लॅटमधली भीती अजून बरीच अनवापरलेली आहे: बाथरूमच्या डक्टमधून वरच्या मजल्यावरचं बोलणं येणं, जाळीच्या लिफ्टमधून प्रत्येक मजल्याचा पॅसेज खाली सरकताना दिसणं, सेफ्टी डोअरच्या पलीकडे कोणी उभं असणं, वर्षानुवर्षं बंद असलेल्या शेजारच्या फ्लॅटचं लाइट बिल वेळेवर भरलं जाणं.

परवानगीचं पुढच्या प्रश्नात.

११. स्वतःच्याच घरात शूट करायलाही परवानगी लागते का?

सोसायटीकडून लेखी ना-हरकत घ्या. तोंडी होकार सेक्रेटरी बदलला की संपतो. पत्रात तारखा, वेळा, माणसांची संख्या, लिफ्टचा आणि पार्किंगचा वापर लिहा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी असते, त्यामुळे बाहेर प्लेबॅक लावता येत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा. रात्री दोनला बाईची किंकाळी ऐकून शेजारी ११२ लावणारच, आणि त्यांनी तो लावलाच पाहिजे. शहाणपण यात की रात्री नटीने तोंड उघडून किंकाळीचा अभिनय करावा आणि खरी किंकाळी दिवसा त्याच खोलीत वेगळी रेकॉर्ड करावी.

सरकारी जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे. रेल्वे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या परवानग्या त्या-त्या खात्याच्या. आरेत रात्री 'चोरून दोन शॉट' घेण्याचा मोह टाळा. तिथे बिबटे खरे आहेत.

१२. फाउंड फुटेज सगळ्यात स्वस्त ना?

फाउंड फुटेज म्हणजे पात्रांनीच शूट केल्यासारखं दाखवलेलं चित्रण. ते शूटिंगला स्वस्त, संकलनाला नाही. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) आठ दिवसांत चित्रित झाला, कॅमेरे नटांनीच चालवले, पण सुमारे वीस तासांच्या चित्रणातून चित्रपट काढायला महिने लागले.

शिवाय 'हा माणूस अजून शूट का करतोय?' याचं उत्तर प्रत्येक दृश्यात द्यावं लागतं. सोसायटीचा सीसीटीव्ही किंवा दाराचा कॅमेरा वापरला तर हा प्रश्नच उरत नाही. फक्त साध्या सीसीटीव्हीला बहुधा आवाज नसतो हे विसरू नका. तिथे पार्श्वसंगीत घातलं की खोटेपणा उघडा पडतो.

१३. एकांकिकेतले नट घेतले तर चालतील?

मुंबईतल्या छोट्या भयपटांची हीच मोठी जमेची बाजू आहे: पाठांतर पक्कं, सराव करायची तयारी, नखरे नाहीत. अडचण एकच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. पहिल्या दिवशी त्यांना कुजबुजत्या आवाजात पूर्ण दृश्य करायला लावा. आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून घाबरायला सांगू नका. काठीला टेप लावून भुताच्या डोळ्यांची उंची दाखवा, नाहीतर तिघं तीन ठिकाणी बघतात.

१४. रक्त घरी कसं करायचं?

तोंडात जाणारं: एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून घाला, दाट झालं की उतरवा. गार झाल्यावर लाल खाण्याचा रंग चमचाभर आणि कोको अर्धा चमचा. कोको नसेल तर थंड एलईडीखाली रक्त गुलाबी दिसतं.

कपड्यांवरचं: साखरेऐवजी भांडी घासायचं पारदर्शक लिक्विड वापरा. धुतल्यावर डाग बराच निघतो आणि मुंग्या लागत नाहीत. पाकाच्या रक्ताला मुंबईत मुंग्या फार लवकर लागतात. मात्र हे डोळ्यांजवळ लावू नका. भाड्याच्या घरात कपाटामागच्या भिंतीवर आधी एक थेंब लावून बघा. त्या दृश्याच्या कपड्यांचे तीन एकसारखे जोड हवेत.

१५. लहान मूल किंवा काळं मांजर घ्यायचंय. काही नियम?

मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त काम नाही. कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. मुलाने भूत पाहायची गरजच नसते. त्याचे शॉट दिवसा, खेळीमेळीत वेगळे घ्या आणि भुताचे वेगळे.

मांजर, कुत्रा, पक्षी यांच्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी लागते, ना-हरकत नंतर. हे सेन्सॉरच्या वेळी विचारलं जातं आणि तेव्हा धावपळ करून उपयोग होत नाही. मांजराचा फक्त आवाज पुरेसा आहे का, ते आधी बघा.

१६. सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच का?

चित्रपटगृहात लावायचा तर लागतंच. यूट्यूबवर किंवा ओटीटीवर लागत नाही. तिथे वयाचं वर्गीकरण प्लॅटफॉर्म करतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गाचे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालेला चित्रपट आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. टीव्हीला विकायचा विचार असेल तर रक्तपाताच्या शॉटचे सौम्य पर्याय शूटिंगलाच घेऊन ठेवा.

१७. धारपांची कथा किंवा आजीकडून ऐकलेली गोष्ट घेता येईल?

आजीची गोष्ट खुशाल घ्या, लोककथा कुणाच्या मालकीची नसते. भयकथाकार नारायण धारप २००८ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत लेखी परवानगी हवी. 'प्रेरित' असं लिहून सुटका होत नाही. जुन्या गाण्यासाठी रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे असे दोन्ही हक्क लागतात. त्यापेक्षा पात्राने स्वतःच एखादी पारंपरिक ओवी गुणगुणावी. जास्त भीतीदायक लागते आणि फुकट पडते.

१८. हेडफोनवर घाबरवणारा सीन मोबाइलवर काहीच करत नाही. का?

फोनच्या स्पीकरवर १०० हर्ट्झखालची घरघर जवळजवळ ऐकूच येत नाही. भीती नुसत्या खालच्या घुमणाऱ्या आवाजावर उभी असेल तर ती तिथे नाहीशी होते. त्याच क्षणी नख घासल्यासारखा किंवा बिजागरीचा मधल्या पट्टीतला आवाजही ठेवा. शिवाय यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) खाली आणतं, पण हळू आवाज वाढवत नाही. म्हणून कुजबुज फार खाली ठेवू नका. दिवसाउजेडी, फोनच्या स्पीकरवर एकदा पूर्ण चित्रपट ऐका.

१९. दाखवला तेव्हा लोक नको तिथे हसले. आता काय?

आधी हसू कधी आलं ते बघा. दचकल्यावर लगेच आलेलं हसू चांगलं असतं, ताण सुटल्याचं. तिथे पुढचे तीन-चार सेकंद महत्त्वाचा संवाद ठेवू नका, म्हणजे झालं. भूत दिसत असतानाच हसले तर भूत जास्त वेळ दिसतंय. शॉट निम्मा करा. तरी हसले तर त्यावरचं संगीत काढा. तरीही हसले तर शॉटच काढा आणि फक्त बघणाऱ्याचा चेहरा ठेवा.

ही चाचणी युनिटमधल्या लोकांवर होत नाही, त्यांना सगळं माहीत असतं. आणि एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा त्याच जागी दचकत नाही. म्हणून ओळखीतली पंधरा माणसं एकदम बोलावू नका. पाच-पाच करून तीन कटांसाठी राखून ठेवा.